धुतलेलं पिंप

१

चोरानं पिंप नेलंच नव्हतं. आतला माल नेला होता, आणि पिंप घासून, धुऊन, पालथं घालून जागच्या जागी ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी पेंढ्याचा टेम्पो लावून मी गिरणीत शिरलो, तर संजीवनी त्या निळ्या पिंपासमोर उभी. मला वाटलं, नवीन आणलंय. म्हटलं, "वा, काय चकचकीत आहे!" त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप मागे सरलो.

"सुनिल, यात सिरप होतं," ती म्हणाली. "सगळा हिवाळा शिजवून आटवलेलं. एवढंच होतं माझ्याकडे."

मी सुनिल. माझा टेम्पो शहापूर-मुरबाड रस्त्यावर चालतो, आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, त्यातून मी बहुतेक पेंढाच वाहत होतो. कशाला, तर साखर करायला. हसू नका, मीही हसलो होतो. संजीवनी देसले ही इकडचीच पोर, मुंबईला जाऊन सूक्ष्मजीवांचं शास्त्र शिकली आणि नोकरी शोधायची सोडून म्हसा गावाच्या रस्त्यावरची बंद पडलेली भाताची गिरणी घेऊन बसली. भात झोडून उरलेला पेंढा आणि तूस चिरायचं, आम्लाच्या पाण्यात वाफेवर शिजवायचं, की त्यातून एक साखर सुटते. ती आटवली की दाट तपकिरी सिरप होतं. मग त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे जिलबीचं पीठ आंबवतो त्याच गोतातला जीव. तो ती साखर खातो आणि बदल्यात दुसरीच गोडी देतो. तिचं नाव झायलिटॉल. दिसायला साखर, गोडीला साखर, पण दात किडवत नाही आणि मधुमेहवाल्याला साखरेइतकी बाधत नाही.

सोमवारी मुंबईहून एका कंपनीचे पाहुणे यायचे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत सिरप टाकीत ओतायचं, यीस्ट सोडायचं, टाकीला त्यांनीच सील लावायचं आणि पुढे त्यांनीच येऊन उघडायचं, असं ठरलं होतं. जमलं तर गिरणी चालणार होती. नाही जमलं तर गिरणीचे मालक सावळाराम जागा परत घेणार होते. तसा शब्दच झाला होता दोघांचा. संजीवनीला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

"बॉयलरचा मिस्त्री कुठाय?" मी विचारलं.

"तोही नाही. खोलीला कुलूप आहे."

"मग झालं की! पोलिसांत चल."

"आणि सोमवारी पाहुण्यांच्या स्वागताला फौजदार उभा करू?" ती म्हणाली. "टेम्पोत डिझेल आहे ना? शहापूरला जा. कमळाबाईंना घेऊन ये."

माझ्या तळहाताला आपोआप मुंग्या आल्या.

२

कमळाबाई आम्हा दोघांच्या मराठीच्या बाई. शहापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर व्याकरण शिकवलं आणि छडीनं ते पक्कं केलं. इकडच्या माणसाला नपुंसकलिंगाचं वावडं. आम्ही 'पाणी आणला' म्हणतो, 'काम झाला' म्हणतो. बाईंचं सगळं आयुष्य या एका 'ला'शी लढण्यात गेलं आणि लढाई त्या हरल्या. पण त्या लढाईत त्यांना एक सवय लागली. माणूस काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो ते त्या ऐकत. शाळेची घंटा चोरीला गेली तेव्हा चोर त्यांनी एका क्रियापदावरून पकडला होता. तेव्हापासून पंचक्रोशीत कोंबडी हरवली तरी लोक बाईंकडे जातात.

टेम्पोत बाई माझ्या शेजारी छत्री धरून बसल्या. "तानसा धरण उशाशी, आणि माझ्या नळाला पाणी नाही," एवढं एकच वाक्य त्या रस्ताभर बोलल्या. एप्रिलचा शेवट होता. डोंगरउतारावर ठिकठिकाणी धूर दिसत होता.

गिरणीत शिरल्या शिरल्या त्यांनी पाणी मागितलं. संजीवनीनं प्लास्टिकच्या कॅनमधून ओतून दिलं. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे पाणी आहे की काढा? माठ नाहीत का गं तुझ्याकडे? कामाला बायका येतात ना?"

"चार मोठे होते बाई, पडवीत. कोणीतरी नेले वाटतं. त्याचं राहू द्या, तुम्ही पिंप बघा."

बाईंनी पिंप सुलटं करवून पाहिलं. आत डोकं घालून वास घेतला. कडेनं बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुन्या, तू चोरी केलीस तर भांडं धुऊन ठेवशील?"

"मी घरातही धुवत नाही, बाई."

"तेच म्हणते. टँकरच्या दिवसांत दोन हंडे पाणी घालून पिंप धुणारा चोर मी जन्मात पाहिला नाही. अजून काय बिघडलंय इथे?"

"वीज," संजीवनी म्हणाली. "बुधवारपासून भारनियमन. शीतपेटी बंदच आहे. मी ठाण्याला होते, काल रात्री आले. सिरप उघड्यावर आंबेल म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि इथे सिरपच नाही."

बाईंनी छत्री उघडली. "चल. आधी ज्याला ही जागा हवी आहे त्याच्याकडे."

३

सावळारामांचं घर गिरणीला लागूनच. ओटीवर बसून ते कोरा चहा पीत होते. तोंड असं केलं होतं की एरंडेल पितायत. बाई दिसल्यावर ते उठून उभे राहिले. आत बघून ओरडले, "पाणी आणला काय गो बाईंना?"

"आणलं," बाई म्हणाल्या. "पाणी नपुंसकलिंगी असतं, सावळाराम."

"बाई, आमचा पाणी कसाही असला तरी टँकरनंच येतो," सावळाराम म्हणाले. बाईंना हसू आवरलं नाही. त्या बसल्या.

"सिरप गेलं. तुम्हाला जागा परत मिळेल आता."

"मी कशाला हात लावू? जागा मला पायजे, ती तोंडावर मागेन. फार्महाऊसवाले रोज येतायत. पर शब्द दिलाय, सोमवारपातुर मी काय बोलणार नाय." मग ते जरा फुशारले. "आन ती साखर तरी कसली हो बाई! जिभेवर ठेवली का गार पडते, बर्फ ठेवल्यावानी. अशी कुठं साखर असते काय?"

बाईंनी संजीवनीकडे वळून सहज विचारलं, "तू गावात कोणाकोणाला चाखायला दिलीस गं?"

"कोणालाच नाही. नमुन्याची एकच बाटली आहे, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली."

सावळारामांचा कप ओठांपाशी थांबला.

"कपाटाची किल्ली?" बाईंनी विचारलं.

"दुसरी माझ्याकडं हाये," सावळाराम खालच्या आवाजात म्हणाले. "मालक म्हणून." आणि मग त्यांचा बांधच फुटला. "बाई, डॉक्टरनं साखर तोडली तवापासून गोड च्या कसा लागतो ते इसरलो होतो. एकदा चमचाभर घेतली. मंग रोज घेतो. दुपारच्या च्यात. हिला नका सांगू."

हिला सांगायची गरज नव्हती. त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती.

आतून सुरू झालेला उद्धार ऐकत आम्ही बाहेर पडलो. बाई म्हणाल्या, "हा सुटला. कोणी आपल्या चहातली गोडी आपल्या हातानं सांडत नाही. उलट संजे, तुझी जागा जाऊ नये म्हणून हाच मनातून देव पाण्यात घालून बसला असेल."

"मग कोण?"

"तुझ्या राखणदाराच्या घरात मोहाची दारू गाळतात असं ऐकलंय. गोड पाक दिसल्यावर गाळणाऱ्याला काय सुचेल?"

४

लडकू गिरणीचा राखणदार. म्हशाच्या जत्रेत सोंगं काढतो, तहसीलदारापासून बोकडापर्यंत कोणाचीही नक्कल करतो. त्यामुळे तो खरं बोलतोय की सोंग करतोय हे त्याच्या बायकोलाही कळत नाही. झाडाखाली बाजेवर पडला होता. बाईंना बघून ताठ उठला.

"पिंप तू धुतलंस?"

"मी? बाई, मी माझा अंग नाय धुतला चार रोज. पाणी कुठाय?"

"आतला पाक गाळायला नेलास."

लडकूनं कान पकडले. "खोटा नाय बोलणार. थंडीत एकदा तांब्याभर नेला होता. मोहाचा आंबवण घातला, झाकून ठेवला. आठवडा झाला तरी कायच नाय. जरासा फसफसला, पर चढला कोणालाच नाय. उगाच सगळ्यांचा तोंड खराब झाला. त्या पाकाला मी परत हात लावीन काय?"

संजीवनीला त्या परिस्थितीतही हसू आलं. "खरं असेल बाई. पेंढ्यातली ही साखर साध्या यीस्टला पचतच नाही. म्हणून तर मला वेगळं शोधावं लागलं."

"म्हणजे हाही सुटला," बाई म्हणाल्या. "मिस्त्री कधी गेला रे?"

बॉयलरच्या मिस्त्रीचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. तो मेरठकडचा, म्हणून सगळे त्याला मेरठीच म्हणत. तिकडे उसाच्या खांडसरीत, म्हणजे गावठी साखरेच्या भट्टीवर, त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. तोंडानं फटकळ, पण हाताला सोन्याचा. गेल्याच आठवड्यात पगारी सुट्टीवरून त्याचं आणि संजीवनीचं वाजलं होतं.

"शुक्रवारी उजाडता गेला," लडकू म्हणाला. "गावाकडनं फोन आलता, आई शिरेस हाये. पयल्या एसटीनं कल्याणला गेला. मॅडम नव्हती, म्हणून माझ्याकडं निरोप दिला."

"निरोप?" संजीवनी ओरडलीच. "मग सांगितलास का नाहीस?"

"तसा काय मोठा नाय हो. राबाचा निरोप. बोलला, राब दाबलाय, बरा राहील."

संजीवनीचे खांदे पडले. "त्याला शेतीचं वेड. संध्याकाळी कामावरच्या रखमीच्या शेतात जाऊन बसायचा. जाता जाता शेतीच्या गोष्टी सांगून गेला, आणि सिरपचं नाव नाही!"

बाईंनी नाक खाजवलं. काहीतरी त्यांना खटकलं होतं, पण काय ते त्यांनाच उमगलं नसावं. तेवढ्यात मागून कोणीतरी कडाडलं, "पाण्याचे माठ कोणी ढापले ते आदी सांगा!"

५

ती रखमी. गिरणीवर पेंढा चिरणाऱ्या बायकांची मुकादम म्हणा, सेनापती म्हणा. वाडीत राहते. नवरा जगन आणि ती मिळून नाल्याकडचा भाताचा तुकडा कसतात.

"चार माठ मी म्हशाच्या बाजारातनं डोक्यावर आणलेले," ती म्हणाली. "बाया काय या कॅनमधला उकळता पाणी पिणार?"

"रखमी, इथे माझं सगळं गेलंय आणि तू माठ काय घेऊन बसलीस?" संजीवनी म्हणाली.

"तुमचा गेला ते दिसतो. आमचा गेला ते दिसत नाय. तुमच्या साखरेपायी गावातला पेंढा तुमी उचलला. आमच्या राबाला काय उरला? पाला गोळा करता करता डोंगर पालथा घातला आमी!"

ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजतात. शेण, फांद्या, पालापाचोळा, वर पेंढा असे थर घालायचे, वरून माती टाकून दाबायचं आणि पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. डोंगरावर दिसणारा तो धूर राबांचाच होता.

"मग घातलास ना यंदा?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"घातला कसाबसा. कालच घातला, नाल्याकडच्या खाचरात. भुई बी कोणीतरी आदीच उकरून भुसभुशीत करून ठेवलेली. म्हटला देवच पावला."

पण संजीवनीचा तोल सुटला होता. रात्रभर झोप नाही, सकाळपासून पोटात काही नाही. "म्हणजे पेंढ्याचा राग होता तुझ्या मनात!" ती म्हणाली. "ओतलंस ना तू? गटारात ओतलंस आणि पिंप धुऊन ठेवलंस!"

रखमी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पदर खोचला.

"मी भांडते ते तोंडावर भांडते," ती म्हणाली. "मागनं कोणाच्या अन्नात माती नाय कालवत. आज वारा पडलाय. जगन खाचरावर थांबलाय. मी चालले राब भाजायला." आणि ती बांधावरून तरातरा निघून गेली.

संजीवनी तिथेच खाली बसली. "सुनिल, मला मुरबाडच्या पोलीस ठाण्यात सोड. मिस्त्रीच्या नावानं तक्रार देते. रागावून गेला आणि जाताना सूड घेतला, दुसरं काय?"

मी किल्ली काढली. बाईंनी माझ्या हातावर छत्रीचं टोक ठेवलं.

६

"बस," बाई म्हणाल्या. मी बसलो. एवढा घोडा झालो तरी बसलो.

"इथे दोन चोऱ्या झाल्यात. सिरपची चोरी तुम्हाला मोठी वाटते म्हणून माठांची कोणी मोजत नाही. एकाच जागेतून, एकाच वेळी, पातळ पदार्थ जातो आणि चार रिकामी भांडी जातात. हे दोन चोर आहेत का?"

बाईंनी एक बोट वर केलं.

"एक चोर. पिंपातलं त्यानं माठांत भरलं. मग पिंप धुतलं. भांडं कोण धुतं? ज्याला ते पुन्हा वापरायचं असतं तो. म्हणजे तो चोर नाहीच. तो घरचा माणूस आहे, आणि त्यानं सिरप नेलं नाही, ठेवलंय. आता मला सांग, संजे, मातीच्या भांड्यात कोणी काही का भरतं?"

"गार राहावं म्हणून."

"वीज नव्हती. शीतपेटी बंद होती. सिरपची काळजी करणारं इथे कोण होतं?"

"मिस्त्री," मी म्हणालो. "पण मग सांगून का गेला नाही?"

"सांगून गेला असेल. लडकू! इकडे ये. तुला नक्कल येते ना? मला मिस्त्री करून दाखव. निरोप देताना तो जसा बोलला तसा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

लडकूला आयुष्यात इतक्या आदरानं कोणी सोंग काढायला सांगितलं नव्हतं. त्यानं खांद्यावर पंचा टाकला, मान वाकडी केली, एक डोळा बारीक केला, आणि समोर साक्षात मेरठी उभा राहिला.

"'सुन बे लडकू, मैडम को बोलना, राब दबा दी है नाले वाले खेत में. अच्छी रहेगी.'"

"पुन्हा."

"'राब दबा दी है...'"

"दी? दिया नाही?"

"दी. बाई, मी त्याची नक्कल रोज करतो, चुकणार नाय."

"'अच्छी रहेगी.' अच्छा नाही, अच्छी." बाई उठून उभ्या राहिल्या. "मघाशी तू मला काय सांगितलंस? 'राब दाबलाय, बरा राहील.' अरे माणसा, त्याच्या बाईचा तू पुरुष केलास! तुझा राब पुल्लिंगी. त्याची राब स्त्रीलिंगी. हा आपला राब नव्हेच. संजे, उसाच्या खांडसरीत दाट आटवलेल्या रसाला काय म्हणतात?"

संजीवनी ताडकन उठली. "राब. तिकडे राब म्हणतात. तो पहिल्या दिवशी बोलला होता, 'मैडम, आपका सिरप तो हमारी राब है.' तिकडे माठांतच भरून ठेवतात, असंही म्हणाला होता. मी सिरप सिरप करत राहिले आणि विसरून गेले!"

"ध चा मा असाच होतो," बाई म्हणाल्या. "त्यानं राब माठांत भरली, तोंडं बांधली आणि नाल्याकडच्या ओलसर मातीत पुरली. मेरठच्या माणसाला काय माहीत, की इकडे शेत आधी भाजतात आणि मग पेरतात! रखमीला भुई आयती भुसभुशीत मिळाली, ती कशी, ते आता..."

पुढचं वाक्य बाईंनी पुरं केलं नाही. नाल्याच्या बाजूनं पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढत होती.

७

मी टेम्पोचा विचारही केला नाही, पळत सुटलो. माझ्या पुढे संजीवनी, मागे लडकू पंचा सावरत, आणि सगळ्यांच्या मागे छत्री काठीसारखी टेकत बाई.

खाचराच्या वरच्या कडेला जगननं चूड लावली होती. राब असा भडकत नाही, आतल्या आत धुमसत सरकतो. चौथा हिस्सा काळा पडला होता आणि रखमी कडेनं माती ओढत उभी होती.

"रखमी, थांबव!" संजीवनी ओरडली. "खाली माठ आहेत! तुझे माठ! त्यात सिरप आहे!"

रखमीनं वळून बघितलं. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला तिची भीती वाटली. तासाभरापूर्वी जिनं तिला चोर ठरवलं ती संजीवनी आता, पेटलेला राब मोड, म्हणत होती. कुठून कुठून वेचून आणलेला पाला होता तो. मोडलेला राब पुन्हा घालायला डोंगरावर काही उरलं नव्हतं. पाणी मारावं तर नाला कोरडा ठणठणीत.

"कुठल्या अंगाला?" तिनं एवढंच विचारलं.

"माहीत नाही गं!"

"भुई उकरलेली खालच्या अंगाला होती," रखमी म्हणाली. "जगन, खोरा घे. मदीच तोड. वरचा जळू दे."

आणि तिनं स्वतःच पहिला घाव घातला. आम्ही मधोमध चर पाडला, पेटता पाला हातांनी, फांद्यांनी, पंचानं मागे लोटला. संजीवनीच्या ओढणीचा पदर जळाला, माझ्या मिशीची एक बाजू गेली. सावळारामही कुठूनसे धावत आले आणि धोतर खोचून माती टाकू लागले. चराशी येऊन जाळ थबकला, धुमसला आणि बसला.

मग रखमीनं खालच्या अंगाचा अर्धा राब उलटा केला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती काढू लागली. आधी फडकं लागलं. मग मातीनं लिंपलेलं एक तोंड. एका ओळीत चार माठ निघाले. वरच्या अंगाचा एक तडकला होता आणि त्यातलं सिरप मातीत मुरलं होतं. बाकीचे तीन कोमटसुद्धा झाले नव्हते. संजीवनीनं फडकं सोडून बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं आहे. अगदी चांगलं आहे."

आणि ती रडायला लागली. रखमीच्या गळ्यात पडून रडली. "मी तुला चोर म्हणाले गं."

"म्हणाली तर म्हणाली," रखमी म्हणाली. "पर माजा राब मोडला, तेचा काय?"

संजीवनीनं डोळे पुसले. आमच्या या पोरीचं हेच मला आवडतं, रडताना पण तिचं डोकं चालू असतं. "रखमी, पेंढ्यातली साखर काढून घेतल्यावर गिरणीमागे चोथ्याचा ढीग पडतो. आम्ही तो धुऊन टाकून देतो. वाळवला तर जळेल?"

रखमीनं जगनकडे पाहिलं. जगन आयुष्यात कमीच बोलतो. तो म्हणाला, "जळेल. पेंढ्याहून सावकाश जळेल. राबाला तेच पायजे."

रविवारी माझ्या टेम्पोनं गिरणीमागचा सगळा चोथा उन्हात पसरायला नेला. पेट्रोल पंपावर टेम्पोत काय आहे असं विचारलं, तर मी साखरेचा उष्टा पेंढा म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या अर्ध्या मिशीकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

८

सोमवारी पाहुणे आले. तीन माठांतलं सिरप त्यांच्यासमोर टाकीत गेलं. सिरप माठात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ही इकडची शीतपेटी. हिला भारनियमन नसतं." यीस्ट सोडलं, सील लागलं. रखमीनं संध्याकाळी टाकीवर हळदकुंकू वाहिलं. संजीवनीनं नको म्हटलं नाही.

मेरठीची आई वाचली. तो परत आला, सगळी कथा ऐकली आणि लडकूला मारायला धावला. मग दोघं एकाच बाजेवर बसून विड्या ओढत राहिले.

ठरल्या दिवशी पाहुण्यांनी येऊन सील तोडलं. पुढे गाळणं, आटवणं, थंड करणं असे संजीवनीचे सोपस्कार त्यांनी मुक्काम करून पाहिले, आणि एका सकाळी काचेच्या ताटलीत पांढरे शुभ्र दाणे चमकत होते. पाहुण्यांतल्या बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"माल चांगला आहे," त्या म्हणाल्या. "वर्षभराचं बोलू. पण पेंढा नियमित मिळेल का? हमी कोण देणार?"

सावळारामांनी खाकरून पुढे पाऊल टाकलं. पण संजीवनी वळली, मागे पेंढा चिरत बसलेल्या रखमीला हाताला धरून तिनं पुढे आणलं. हातातला विळाही रखमीनं खाली ठेवला नव्हता.

"यांना विचारा."

रखमीनं पाहुण्यांना खालून वर न्याहाळलं. "पेंढा देऊ," ती म्हणाली. "पर आदी आमची ढोरां खातील. मंग राबाचा बाजूला पडेल. मंग उरला तो तुमचा. आन चोथा आमचा."

पाहुण्यांनी संजीवनीकडे पाहिलं. "या कोण? तुमच्या कामगार?"

"भागीदार," संजीवनी म्हणाली. तिनं हे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, रखमीलाही नाही.

रखमीनं कमळाबाईंच्या कानाशी तोंड नेलं, पण तिचं कुजबुजणं नाल्यापर्यंत ऐकू जातं. "भागीदार म्हंजे काय हो बाई?"

"ज्याच्याबरोबर नफा वाटून घ्यायचा," बाई म्हणाल्या, "आणि बुडायची वेळ आली तर बरोबर आगीत उडी मारायची."

रखमीनं विळा कमरेला खोचला. "मंग आता काय सांगता?" ती म्हणाली. "ते तर मी शनवारीच झाले."